दुसरा दाब

दुखवट्याला आलेल्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नसतो. त्याला पाणी द्यावं, सतरंजी घालून द्यावी, तो बोलेल ते ऐकावं आणि तो 'येतो' न म्हणता उठून गेला की दार लावून घ्यावं. एवढं आमच्या तांडापेठेत कालच्या पोरीलाही कळतं. माझ्या डिप्लोमा झालेल्या सुनेला कळलं नाही. पारशिवनीहून बाबूलाल आणि त्याची बायको भीमाबाई एसटीचे धक्के खात आमच्या दारी आले. बाबूलाल सतरंजीवर टेकतो न टेकतो तोच जया आतून वाऱ्यासारखी आली आणि त्याच्या गळ्यात दोरीनं अडकवलेलं यंत्र ओढायला लागली. दोरी मानेला काचली. घशाचं ऑपरेशन होऊन आवाज गेलेला तो माणूस, त्याला 'अगं' म्हणून ओरडताही येईना. त्यानं दोन्ही हातांनी यंत्र छातीशी धरलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"सोडा, भाऊ," जया म्हणत होती. "द्या ते. त्याच्यावर भरवसा ठेवू नका."

माझी नणंद सिंधूताई तिथंच कोपऱ्यात बसली होती. ती अशी संधी सोडणाऱ्यातली नाही. "पाहा वहिनी," ती म्हणाली, "आता लोकांच्या गळ्यातलं ओढून राहिली तुमची सून. उद्या मंगळसूत्र ओढीन."

मी तिथं काय बोलले ते सांगतेच. पण आधी त्या यंत्राची हकिगत सांगायला हवी. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल माझी सून वेडी आहे. ती वेडी नाही. बाकी पुष्कळ काही आहे.

मी दुसरीपर्यंत शिकले. अक्षर वाकडं आहे, पण दुसऱ्याकडून लिहून घ्यायची मला सवय नाही. आमचं घर विणकरांचं. माझ्या मुलाचे, श्रावणचे बाबा खड्ड्याच्या मागावर बसायचे, पाय खाली खड्ड्यात, हात वर धोट्यावर. त्यांच्या हातच्या लुगड्याची किनार पाहून इतवारीचे व्यापारी नाव न विचारता सांगायचे की माल कोणाचा. मी मागच्या पडवीत रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. मध्ये भिंत, आणि मागाचा खडखडाट एवढा की हाक मारून उपयोग नाही. म्हणून आमची खूण होती. सूत संपत आलं की ते मागाच्या लाकडी हत्यानं खांबावर एक ठोका मारायचे. एक म्हणजे, हातातलं काम आटप आणि कांडी घेऊन ये, घाई नाही. दोन ठोके लागोपाठ आले तर हातातलं टाकून धावायचं. ताण्याचं उभं सूत तुटलंय, एकट्याच्यानं सावरत नाही, तूच पाहिजे. सारा संसार आम्ही या दोन खुणांवर केला. ज्या घरी माग आहे त्या घरी हे कोणी कोणाला शिकवत नाही. भिंतीतून पोटात जातं.

जयेच्या माहेरी माग नव्हता. उमरेडची, जात आमचीच, पण तिच्या बापानं माग विकून कोळशाच्या खाणीत कारकुनी धरली होती. पोरगी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकली. पाहायला गेलो तेव्हा मी विचारलं, "सैपाक येते का वं?" म्हणाली, "येतो, पण आवडत नाही." सिंधूताईनं तोंडाला पदर लावला. मी तिथंच सुपारी फोडायला सांगितली. खोटं बोलणाऱ्या दोन पोरी मी त्याआधी पाहून आले होते.

लग्नानंतर ती हिंगण्याला एका छोट्या कारखान्यात लागली. कॅल्क्युलेटर बनवायचे तिथं. सकाळी कंपनीची बस चौकातून घेऊन जायची, संध्याकाळी टाकून जायची. श्रावणही हिंगण्यालाच, पण रंगाच्या कारखान्यात, त्याची पाळी बदलती, म्हणून तो मोटारसायकलनं. एकदा भाजी निवडताना मी तिला विचारलं, "दिवसभर काय लिहीत असतेस वं तिथं? कोणाचे हिशोब?"

"हिशोब नाही आत्याबाई. हिशोब कसा करायचा ते चिपला लिहून द्यायचं. एकेक हुकूम. हा आकडा उचल, तिथं ठेव, त्यात हा मिळव, आता पुढच्या ओळीवर जा. असेंब्ली म्हणतात त्या लिहिण्याला. चिपला स्वतःची अक्कल काहीच नसते. सांगितलं तेवढंच करते, आणि सांगायचं राहिलं तर ते कधीच करत नाही."

"म्हणजे नवी सून," मी म्हणाले.

हसली. ती हसते तेव्हा बरी दिसते, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

मग सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात श्रावणच्या बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मेडिकलच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा माग पुढच्या खोलीत तसाच उभा होता, त्यावर अर्धं लुगडं. ते पाहून त्यांनी तोंड फिरवलं. श्रावणनं माग सोडवून ठेवला, खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्या फळ्यांवर जयेचं टेबल मांडलं, तिच्या तारा आणि डाग लावायची ती तापती सळई यांच्यासकट. त्यावरून मी श्रावणशी बरेच दिवस बोलले नाही. खाट मात्र तिथंच, खिडकीपाशी.

डावा हात तेवढा चालत होता, तोही थरथरत. बोलवायचं कसं? आधी वाजवायला ताट आणि चमचा दिला. चमचा हातातून पडायचा. पडला की संपलं. एकदा मी बाजारातून आले, तर चमचा खाटेखाली, अंथरूण ओलं आणि यांचं तोंड भिंतीकडं. ज्या माणसाचं ओरडणं चौकापर्यंत जायचं तो माणूस तसा पडून होता. मी अंथरूण बदललं. आम्ही दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

जयेनं ते दारातून पाहिलं असावं. कारखान्यातून काच तडकलेला, टाकाऊ झालेला एक कॅल्क्युलेटर मालकाला विचारून घेऊन आली. आठवडाभर त्या फळ्यांवर बसून काय काय करत राहिली. मी आवाज दिला तर ओ नाही, चहा निवला तरी भान नाही. मग एका रविवारी तिनं ते यंत्र दोरीत ओवून त्यांच्या गळ्यात घातलं. वरची सगळी बटणं काढून एकच रुंद बटण ठेवलं होतं, अंगठा कुठंही पडला तरी दाबेल असं. दाबलं की आत बझर वाजे, पडवीतच काय, गल्लीतही ऐकू जाईल असा.

त्यांनी दाबलं. मी पडवीत होते. आले. त्यांनी परत दाबलं. मी म्हटलं, "आलेच आहे ना आता, काय मस्ती चालली?" आणि त्यांचं अर्धं तोंड हसलं.

सुरुवातीला सेल पटापट संपायचे. ते जयेला खुपायचं. "सेल संपले की मामाजींचा आवाज संपेल," म्हणायची. मग तिनं प्रोग्राम बदलला. मला सांगत होती, "काम नसलं की चिपला झोपवायचं, आत्याबाई. हॉल्ट म्हणतात. झोपली की ती जवळजवळ काहीच खात नाही. बटण दाबलं की तिला इंटरप्ट जातो, म्हणजे कोणी पदर ओढावा ना, तसं. ती उठते, बझर वाजवते, परत झोपते."

"दिवसभर झोपून राहते आणि बोलावलं की तेवढ्यापुरती उठते," मी म्हणाले. "सिंधूताई आहे म्हण की."

त्यानंतर सेल महिनोन्‌महिने टिकले. आणि काय सांगू, त्या यंत्रानं माझी चाकरी वाढवली. पाणी पाहिजे, वाजव. खिडकी उघड, वाजव. खिडकीत कावळा बसलाय, तो मला दाखवायचाय, वाजव. मी करवादायची. पण मला वाटतं निम्म्या वेळा त्यांना काहीच नको असायचं. वाजतं का आणि मी येते का, एवढंच पाहायचं असायचं. दोन्ही व्हायचं.

बाबूलालची गाठ मेडिकलच्याच व्हरांड्यात पडली. आम्ही यांना तपासणीला नेलं होतं. कंपाउंडर ओरडला, "ईश्वरदास कोण?" आणि यांनी बझर वाजवून उत्तर दिलं. सगळा व्हरांडा वळून पाहायला लागला. त्यात हा बाबूलाल, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन घसा गमावलेला, गळ्याला फडकं बांधलेला. उठून जवळ आला, यंत्राकडं बोट केलं, स्वतःच्या गळ्याकडं बोट केलं आणि जयेपुढं हात जोडले. जयेनं त्याच्यासाठी दुसरं यंत्र केलं. आतला प्रोग्राम तोच.

आता ती दुपार.

मी पडवीत मुगाच्या वड्या घालत होते. कपड्यावर निम्म्या घालून झाल्या होत्या, हात मनगटापर्यंत भरलेले. बझर वाजला. एकदाच. तोही अर्धवट, सुरू झाला आणि तुटला. मला वाटलं, अंगठा घसरला. एक वाजला म्हणजे घाई नाही, हे माझ्या हाडांना ठाऊक. मी वाटीतलं वाटण संपवलं, हात धुतले, पुसले, आत गेले.

ते खाटेवरून अर्धे खाली आले होते. तोंडाला फेस. डोळे दाराकडं. अंगठा बटणावर होता आणि तो दाबत होते. मी पाहिलं ते. अंगठा दाबत होता, दाबत होता आणि यंत्रातून काही म्हणजे काही येत नव्हतं. मी त्यांना उचलून धरलं. माझ्या हाताला वड्यांचा वास होता. तेवढ्यात गेले.

डॉक्टर म्हणाला, दुसरा झटका मोठा होता, आजी आधी आल्या असत्या तरी काही फरक पडला नसता. डॉक्टरला काय कळतंय! दाराकडं पाहत एकट्यानं मरणं आणि कोणी हात धरलेला असताना मरणं, यात त्याच्या पुस्तकात फरक नसेल.

सिंधूताईनं ते ऐकलं आणि नेमकं उचललं. रडायला आलेल्या बायांना दाराशी गाठून सांगायची, "घंटी वाजली होती म्हणे. वहिनीच उठली नाही. वड्या घालत होती." मला ते दुसऱ्या दिवशीच कळलं. खुलासा करायची मला सवय नाही.

जया मात्र यंत्राच्या मागं लागली. तिनं ते यांच्या गळ्यातून काढलं तेव्हा ते मेल्यासारखं होतं. सेल काढून परत घातले तर जिवंत. बटण दाबलं, वाजलं. परत दाबलं, वाजलं. दिवसभर दाबत बसली, प्रत्येक वेळी वाजलं. जेवली नाही. श्रावण म्हणाला, "जये, राहू दे, सेल ढिला झाला असंन." ती म्हणाली, "सेल ढिला असता तर काढल्या-घातल्याशिवाय कधीतरी वाजलं असतं."

मग माझ्याकडं आली. समोर बसली आणि विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी तुम्हाला किती वाजलेले ऐकू आले?"

मला राग आला. वाटलं, हीपण सिंधूताईच्या वाटेनं जाऊन राहिली. "एक," मी म्हणाले.

"पूर्ण?"

"अर्धा. तुटका."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूच म्हणाली, "बझर अर्धा तुटावा असा एकच रस्ता मी लिहिला आहे. वाजत असताना बटण लगेच परत दाबलं गेलं, तरच. मामाजींचा हात थरथरायचा ना. मला धास्ती होती, की काही नको असतानाही अंगठा थरथरून बटणाला दोनदा लागेल. म्हणून मी लिहिलं, की पहिल्यामागं लगेच दुसरा दाब आला तर तो थरथरीचा, खोटा समजायचा, बझर थांबवायचा आणि परत झोपायचं. पण त्यांनी दोनदा काहून दाबलं असेल? इतके महिने नेहमी एकदाच दाबायचे. मी पाहत होते."

तेव्हा मी तिला सांगितलं. एक ठोका म्हणजे कांडी आण. दोन म्हणजे धाव, तूच पाहिजे. इतके महिने त्यांना धावून यावं असं काही लागलंच नव्हतं. त्या दिवशी लागलं.

तिनं यंत्र मांडीवर घेतलं आणि दोनदा, लागोपाठ, दाबलं. अर्धा बझर वाजला आणि तुटला. मग तिनं एकदा दाबलं. काही नाही. थांबून दाबलं. काही नाही. मी तिच्या हातातून घेतलं आणि दाबलं. त्यांच्या अंगठ्याखाली जे झालं तेच माझ्या अंगठ्याखाली झालं. दगड.

"बझर वाजवताना मी चिपचे कान बंद करते, तेवढ्यापुरतं बटण परत दाबलं का एवढंच ती स्वतः पाहते," ती सांगत होती. आवाज अगदी सपाट, कारखान्यात कोणाला समजावून सांगावं तसा. "नाहीतर एका कामात दुसरं घुसून घोटाळा होतो. काम झालं की कान उघडायचे आणि मगच झोपवायचं. कान उघडायची एक ओळ असते. नेहमीच्या रस्त्यावर मी ती लिहिली. ह्या थरथरीच्या रस्त्यावर लिहिली नाही. राहिली. कान बंद करूनच झोपली ती, आत्याबाई. मग कितीही दाबा, इंटरप्ट तिच्यापर्यंत जातच नाही. सेल काढेस्तोवर ती उठत नाही." मग म्हणाली, "तुम्ही बरोबर ऐकलं. त्यांनीही बरोबर दाबलं. त्यांचा दुसरा दाब मध्येच माझ्या लिहिण्यात अडकून राहिला."

मी उठून पडवीत गेले. तोंड उघडलं असतं तर जे निघालं असतं ते परत घेता आलं नसतं.

त्या दिवसापासून तिनं नवंच सुरू केलं. रडायला कोणी आलं की ती बाहेर येऊन उभी राहायची आणि सांगायची, "आत्याबाईंची चूक नाही. माझ्या चुकीनं मामाजींचं बोलावणं पोचलं नाही." शेजारच्या प्रयागबाईला सांगितलं, भागीरथाला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. माझ्यावरचा आळ काढत होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरची चूक आम्ही दोरीवर वाळत घालत नाही. आणि कारखान्यात जाणंही सोडलं. बस चौकात हॉर्न वाजवून निघून जायची. श्रावणनं मला येऊन सांगितलं, "माय, ते उमरेडले जातो म्हणते. नोकरी सोडतो म्हणते. आता हाताने एक ओळ लिहीन नाही म्हणते."

"अन् तू काय म्हटलं?"

"मी काय म्हणू?"

बाप गेला तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता. माझाच मुलगा, पण हे गप्प राहणं त्यानं कोणाचं घेतलं कोण जाणे.

तिची पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. अशात त्या दिवशी बाबूलाल आला आणि तिनं त्याच्या गळ्यातलं यंत्र ओढलं.

मी उठले. सिंधूताईला म्हटलं, "तू जाऊन चहा ठेव." ती म्हणाली, "दुखवट्यात चहा?" मी म्हटलं, "तुया तोंडाले काम पाहिजे म्हणून." ती गेली. मग जयेचा हात धरून बाबूलालच्या दोरीवरून सोडवला.

"काय झालं ते त्याले सांग," मी म्हणाले. "एवढ्या जनाले सांगितलं, ज्याले सांगायले पाहिजे त्याले नाही सांगितलं."

तिनं सांगितलं. खाली पाहून, पण सगळं सांगितलं. दोनदा लागोपाठ दाबलं की यंत्र बहिरं होतं आणि बहिरंच राहतं. त्यानंच मामाजी गेले. "म्हणून ते परत द्या, भाऊ. मी मोडून टाकते. तुमच्या घरी असं झालं तर..."

बाबूलालनं मान हलवली. नाही. यंत्र आणखी घट्ट धरलं.

"का बाई," भीमाबाई म्हणाली. ती धिप्पाड, उन्हानं रापलेली बाई. "मोडाले काहून नेता? मी दिवसभर वावरात राहतो. हे घरी एकले, नातू संग. पोट्टं हिरीकडं गेलं तं आवाज कोन देईन? मागं एक डाव गेलंच होतं. यायनं हे वाजवलं, शेजारची बाई धावली. तवा तं नव्हतं बहिरं."

"तेव्हा एकदाच दाबलं असेल," जया म्हणाली.

"मंग आतापासून एकदाच दाबतीन. सांगून ठेवते मी यायले."

"नाही मावशी. माणूस घाबरला की एकदाच दाबत नाही."

बाबूलाल माझ्याकडं पाहत होता. माझ्याकडं का, तर त्या खोलीत जिचा माणूस गेला होता ती मी होते.

"एका ओळीचं काम ना हे?" मी जयेला विचारलं. "कान उघडायची ओळ?"

"ओळ एकच. पण चिप कारखान्यात न्यावी लागते. जुनं लिहिलेलं पुसायला तिथला खास किरणांचा दिवा लागतो, मग परत लिहून भरायचं. दोन दिवस जातात."

"मग?"

"मी नाही लिहिणार, आत्याबाई." आता तिचा आवाज फुटला. "ती ओळ मी घालीन. पण दुसरी कुठली राहिली असेल? मला तेव्हाही वाटलं होतं की सगळं नीट आहे. शंभरदा तपासलं होतं मी. कोणी मुद्दाम दोनदा दाबेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणखी काय काय माझ्या डोक्यात आलं नसेल, ते मला कसं कळणार? माझ्या भरवशावर कोणी राहू नये. मला उमरेडला जाऊ द्या."

सिंधूताई चहाचं भांडं तसंच ठेवून दारात येऊन उभी होती. श्रावण पायरीवर बसला होता, मान खाली. भीमाबाईनं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते आणि मला कळत होतं, की आता मी जे म्हणेन ते ह्या घरात कायमचं होणार. तिला जवळ घ्यावं, असं मनात आलं नाही. राग अजून होता. तो आजही आहे. पण बाबूलालचे ते दोन हात मला दिसत होते, छातीशी धरलेले. यांच्या चमच्याची ती दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला ते हात कळायचे नाहीत.

मी जयेच्या समोर उभी राहिले आणि म्हणाले:

"वर पाह. चूक तुयी आहे. मी नाही म्हणत नाही, अन् कोणी तुले नाही म्हटलं तं ऐकू नको. माया माणसाची हाक तुया हातून हरपली. मी ते इसरीन नाही. पण शिक्षा तू ठरवायची नाही. माणूस माया गेला, शिक्षा मी ठरवीन. उमरेडले जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवणं ही शिक्षा नाही वं, थो आराम आहे. या माणसाच्या गळ्यात तू आवाज घातला. तुले भीती वाटून राहिली म्हणून थो काढून नेशील? त्याले विचारलं तू? उद्या सकाळी हे यंत्र घेऊन बसमध्ये बसायचं. होईस्तोवर बाबूलाल अन् भीमाबाई याच घरी राहतीन, नातवाले आणाले श्रावण जाईन, अन् मी सोता त्याच्या जवळ बसीन. आणल्यावर या पेठेतल्या जेवढ्या म्हाताऱ्या आहेत तेवढ्यायच्या हाती देईन दाबाले, वाकडं, तिकडं, रागानं, जसं वाटंन तसं. बंद पडलं तं परत नेशील. परत पडलं तं परत नेशील. भिऊन भिऊन केलं तरी मले चालते. टाकून देल्लेलं मी खपवून घेणार नाही. थे पेटी आत ठेव, अन् टेबल मोकळं कर."